ओडोन उपकरण की हातपंपाचा व्हॅक्यूम कप?

तालुक्याच्या ठिकाणी लहान प्रसूतिगृह चालवणारे तरुण सहकारी अलीकडे विचारतात की, अडलेल्या प्रसूतीत बाळाचे डोके ओढून बाहेर काढण्यासाठी नव्या ओडोन उपकरणाची वाट पाहावी की सध्या मिळणारा, डोक्याला निर्वात दाबाने चिकटणारा हातपंपाचा व्हॅक्यूम कप घ्यावा. मी कप घेतला आहे, पण ओडोनविषयी मला मनापासून आदर आहे.

बाटलीत पडलेले बूच प्लास्टिकच्या पिशवीने काढण्याच्या युक्तीवरून अर्जेंटिनातील मोटार मेकॅनिक होर्हे ओडोन यांना ही कल्पना सुचली. बाळाच्या डोक्याभोवती पातळ आवरण चढवायचे, त्यातल्या कड्यात हवा भरायची आणि कळेबरोबर ओढायचे. डोक्याच्या त्वचेवर निर्वात दाब येत नाही, ही त्याची जमेची बाजू. मात्र इंग्लंडमधील ब्रिस्टलच्या साउथमीड रुग्णालयातील पहिल्या चाचणीत ४० पैकी १९ स्त्रियांची प्रसूती या उपकरणाने झाली. नव्या साधनाच्या अशा सुरुवातीच्या चाचणीवरून अंतिम मत बनवू नये हे मला मान्य आहे. तरीही ही चाचणी अनुभवी पथकाने, पर्यायी साधने हाताशी ठेवून केली होती, हे गोव्यातील काणकोण किंवा पेडण्यासारख्या तालुक्यातील डॉक्टरने लक्षात ठेवावे.

माझा निर्णय खरे तर विजेच्या पंपावर चालणाऱ्या जुन्या व्हॅक्यूम यंत्राने घडवला. त्याच्या निर्वात बाटलीच्या झाकणाचे रबर ढिले पडले की दाब टिकत नसे, पावसाळ्यात वीज गेली की पायपंप शोधावा लागे. पण सर्वांत त्रासदायक गोष्ट ही की दाब नेहमी दुसऱ्याच्या हातात असे. रात्रपाळीला असलेल्या एकट्या सिस्टरने बाळाचे ठोके ऐकायचे, आईला धीर द्यायचा, की माझ्या सूचनेनुसार पंप सांभाळायचा? आणि मी पाठमोऱ्या सिस्टरला विचारून दाब किती झाला ते कळेपर्यंत कळ ओसरू लागलेली असे. हातपंपाच्या कपात पंप आणि दाबदर्शक दोन्ही मुठीत येतात, त्यामुळे सिस्टर आईजवळच राहते. माझ्या अनुभवात आईचा जोर आणि माझी ओढ यांचा मेळ तेव्हापासून अधिक चांगला बसू लागला.

हा कप निर्दोष आहे असे म्हणता येणार नाही. ब्रिस्टलमध्येच २००५ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत जुन्या कपांपेक्षा त्याचे अपयश जास्त आढळले होते. मागच्या टाळूच्या सुमारे ३ सेंमी पुढे तो नेमका बसला नाही तर सुटतो, आणि मग पुन्हा पुन्हा लावण्याचा मोह टाळावा लागतो. डोके खाली सरकत नसेल तर मी थांबतो आणि सिझेरियनची तयारी करतो. तशी सोय नसलेल्या ठिकाणी रुग्णाला बांबोळीच्या गोमेकॉला (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) हलवण्याचा निर्णय कप हाती घेण्यापूर्वीच व्हावा, कारण बांबोळीपर्यंतचा रस्ता अर्धवट ओढलेल्या बाळासाठी फार लांबचा आहे.

फोर्सेप्सचा, म्हणजे बाळाचे डोके धरून ओढण्याच्या चिमट्याचा, हात ज्यांना शिकायला मिळाला त्यांनी तो सोडू नये. इतरांनी, मला वाटते, आज कप घ्यावा. ओडोनच्या पुढच्या चाचण्या वाचताना मी तरी आधी हेच पाहीन की प्रसूतीच्या वेळी खोलीत किती माणसे होती.