काउंटर काढलेलं पुस्तकांचं दुकान: आठ महिन्यांनंतर

सोलापूरच्या नवी पेठेतल्या या दुकानात मी कॉलेजपासून जातेय. नाव मुद्दाम देत नाही. खाली तक्रारीही आहेत आणि मालकांशी ओळख जुनी आहे. गेल्या मे महिन्यात त्यांनी दुकानाचं काम काढलं आणि मधलं लांबलचक काउंटरच उचलून टाकलं. त्यानंतर महिन्यातून दोन-तीनदा तरी माझी फेरी झाली आहे.

आधी काउंटरच्या अलीकडे आपण आणि पलीकडे पुस्तकं. "कुठलं पायजे?" म्हणून पोरगा विचारणार, नाव सांगितलं की शिडीवर चढून काढून देणार. नावच माहीत नसेल तर संपलं. चाटी गल्लीतला साडीवाला पन्नास साड्या उलगडतो आणि एकही न घेता उठलं तरी तोंड वाकडं करत नाही. इथे दोन पुस्तकं काढायला लावली की तिसरं मागायला जीभ रेटत नसे.

आता कपाटं उघडी आहेत. आठ महिन्यांत मी चौदा पुस्तकं घेतली, त्यातली नऊ तर दुकानात शिरताना मला ठाऊकही नव्हती. मुलीसाठी नकाशांचं पुस्तक आणायला गेले आणि झाडांवरचं एक जाडजूड पुस्तक घेऊन आले. ऑनलाइन तेच स्वस्त पडलं असतं, हे मी घरी आल्यावर तपासलं (तपासायला नको होतं). पण ऑनलाइन मी ते शोधलंच नसतं.

खिडकीजवळ एक बुटकं लाकडी स्टूल ठेवलंय. सगळ्या बदलांत हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाचं. कॉफीचं मशीनही आणलं होतं. ऑगस्टपर्यंत त्यावर वह्यांचे गठ्ठे चढले. बाहेर टपरीवर चहा मिळत असताना आत कोण कॉफी पिणार?

ऑर्डरच्या वहीबद्दल मात्र नीट सांगायला हवं. पूर्वी "मागवतो" म्हणजे विसरतो. आता नाव, प्रकाशक, फोन नंबर लिहून घेतात आणि पुस्तक आलं की व्हॉट्सअॅप करतात. पुण्याहून चार दिवसांत येईल म्हणाले ते अकराव्या दिवशी आलं, पण मध्ये दोनदा स्वतःहून कळवलं. दिवाळीत घेतलेल्या एका कादंबरीत एक फर्मा उलटा बांधलेला निघाला, सोळा पानं डोक्यावर उभी. बिल हरवलं होतं. मालकांनी वही उघडली, तारीख पाहिली आणि दुसरी प्रत हातात ठेवली.

आता तक्रारी. जूनमध्ये, शाळा उघडायच्या सुमारास, पाठ्यपुस्तकांची आणि गाइडांची खोकी थेट साहित्याच्या कपाटांपुढे रचली गेली. तीन आठवडे हातच पोचत नव्हता. बोलले तर मालक म्हणाले, "ताई, हा महिना वर्षाचं भाडं काढतो." खरं आहे, पण मग काउंटर काढून काय मिळवलं? जाड पुस्तकं अजून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली असतात. एक तरी प्रत फोडून ठेवा. किमतीचा स्टिकर नेमका मागच्या मजकुरावर चिकटवतात, आणि तो काढताना कव्हर सोलतं. मुलांची पुस्तकं माझ्या खांद्याच्या उंचीवर आहेत. माझ्या शेजारच्या आजी तेलुगू वाचतात, त्यांच्यासाठी इथे एक ओळही नाही. घरोघरी मराठीबरोबर कन्नड, तेलुगू, उर्दू बोलणाऱ्या या गावात ते खटकतं. मालकांचं म्हणणं, न विकलेला माल परत जात नाही. मी म्हटलं, निदान ऑर्डर तरी घ्या. त्यावर ते हसले फक्त.

एक मागणी मान्य झाली. मुलीला शाळेत चार हुतात्म्यांवर लिहायचं होतं. १२ जानेवारी १९३१ ला फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा ही नावं तिला चौकातल्या पुतळ्यांमुळे पाठ होती. १९३० मध्ये इंग्रजांनी इथे लावलेल्या मार्शल लॉबद्दल मात्र काही माहीत नव्हतं. त्या विषयाची पुस्तकं दुकानात होती, पण एक इतिहासात, एक चरित्रात, एक स्पर्धा परीक्षांच्या ढिगाखाली. "सोलापूरचं सगळं एका जागी लावा ना," म्हटलं. गड्ड्याच्या, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या, गर्दीत विसरतील असं वाटलं होतं. परवा गेले तर अर्धा कप्पा रिकामा करून हाताने लिहिलेली चिठ्ठी लावली होती, 'आपलं सोलापूर'. स्टुलावर एक आजोबा त्यातलंच काहीतरी वाचत बसले होते. त्यांना उठवणं जिवावर आलं, म्हणून मी उभ्यानेच चाळलं.

हा कप्पा दारालगत आहे. जूनची खोकी नेमकी तिथूनच रचायला सुरुवात होते, हे मी मालकांना अजून बोललेले नाही.