सहा दिवस स्प्लिट की तीन दिवस फुल बॉडी?

जिममधले स्क्वॉट, बेंच प्रेस, डेडलिफ्ट हे मुख्य व्यायाम अंगवळणी पडले, वजनंही बऱ्यापैकी वाढली, की हा प्रश्न हमखास पडतो. एकीकडे सहा दिवसांचं स्प्लिट, म्हणजे रोज वेगळे स्नायू: छाती-खांदे-ट्रायसेप्स, मग पाठ-बायसेप्स, मग पाय, आणि पुन्हा तोच फेरा. दुसरीकडे सोमवार-बुधवार-शुक्रवार अख्ख्या शरीराचा व्यायाम आणि मधले दिवस सुट्टी. मी दोन्ही बराच काळ करून पाहिलंय.

आधी स्प्लिटच्या बाजूने बोलतो, कारण ती बाजू तीन दिवसवाले मानतात तितकी लेचीपेची नाही. पाऊण तासात माणूस मोकळा होतो. रोजच जायचं म्हटल्यावर आज जावं की नको, ही घासाघीस डोक्यात होत नाही. शिवाय गर्दीचा प्रश्न आहेच. संध्याकाळी सात वाजता फुल बॉडीवाल्याला एकाच खेपेत स्क्वॉटला रॅक हवा, बेंच हवा आणि डेडलिफ्टला जमिनीवर जागाही हवी. स्प्लिटवाला दोन डंबेल आणि एका केबलवर भागवून घरी जातो. (सोमवारी तर बेंचचं नावच काढू नका, त्या दिवशी सगळी जिम चेस्ट मारत असते. मी सोमवारी स्क्वॉटने सुरुवात करतो. रॅक बहुतेक वेळा रिकामाच असतो, यावर काय बोलावं!)

स्नायू वाढण्याच्या दृष्टीने दोघांत फार डावं-उजवं करता येईल असं मला वाटत नाही. एखादा स्नायू आठवड्यातून एकदा करण्यापेक्षा दोनदा केलेला बरा, असं 2016 च्या सुमारास अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यातून पुढे आलं. नंतरच्या आढाव्यांचा सूर असा, की आठवड्याचे एकूण सेट (एका दमात केलेल्या आवर्तनांची एक फेरी म्हणजे एक सेट) तेवढेच असतील तर ते किती दिवसांत वाटले याने विशेष बिघडत नाही. जुन्या काळातला बॉडीबिल्डर स्टीव्ह रीव्हज आठवड्यातून तीनदा फुल बॉडी करून 1947 साली मिस्टर अमेरिका झाला, तर अरनॉल्ड सहा दिवस घाम गाळायचा. अरनॉल्डचं उदाहरण देताना एवढंच लक्षात ठेवावं, की स्टिरॉइड घेतल्याचं त्याने स्वतःच सांगितलंय, आणि त्याला सकाळची 8.14 ची लोकलही पकडायची नसायची.

मग माझं पारडं झुकलं कशामुळे? चुकलेल्या दिवसामुळे.

स्प्लिटमध्ये प्रत्येक वार कुठल्या ना कुठल्या स्नायूच्या नावावर असतो. बुधवारी ऑफिसात उशीर झाला, पायांचा दिवस बुडाला. आता गुरुवारी काय? वहीत गुरुवारी छाती-खांदे लिहिलेत, पण पाय चुकल्या हप्त्यासारखे डोक्यावर बसलेले. मग दोन्ही करायचे. आधी स्क्वॉट, थकलेल्या अंगाने बेंच, वर ओव्हरहेड प्रेस, आणि एवढं केलंच आहे तर ट्रायसेप्स तरी का सोडा. शुक्रवारी पाठ आहेच. कणकण वाटते, झोप तुटक लागते, घरात बारीकसारीक गोष्टींवरून आवाज चढतो, आणि गेल्या आठवड्यात सहज उचललेली 80 किलोची बार रॅकमधून काढतानाच जड लागते. अशा वेळी वजन कमी करावं हे कळत असतं, पण हात मात्र आणखी एका सेटसाठी खडू लावत असतात.

त्यात 'काल छाती झाली, आज पाठ, म्हणजे छातीला विश्रांती' हा युक्तिवाद कागदावर छान दिसतो. स्नायूपुरता तो बराचसा खराही आहे. पण बेंचला कोपर, रोइंगला कोपर, प्रेसला कोपर, कर्लला तर कोपरच. कंबरेचंही तसंच: डेडलिफ्ट पाठीच्या दिवशी, स्क्वॉट पायांच्या दिवशी, कंबर मात्र एकच. भरलेली बादली उचलताना कोपराच्या आतल्या बाजूला कळ आली, की कुठल्या वारी कुठला स्नायू होता हे विचारण्यात अर्थ राहत नाही.

फुल बॉडीत बुधवार बुडाला तर गुरुवारी जायचं, शुक्रवारचं शनिवारवर ढकलायचं. एकावर एक दोन दिवस रचायची वेळ येत नाही, कारण अख्खं शरीर दोनदा करायची ताकद कुणाच्याच अंगात नसते. जास्त करण्याची खुमखुमी इथेही येते; मंगळवारी संध्याकाळी तर येतेच येते. पण पाच जड सेट स्क्वॉट झाल्यावर दुसऱ्या दिवशी जिना उतरतानाच पाय आपलं म्हणणं मांडतात.

तरीही कॉलेजात असाल, आठ तास झोप मिळत असेल आणि चेस्ट डेला मित्र सोबत असतील, तर स्प्लिट जरूर करा. मजा त्यातच जास्त आहे, हे मीही मान्य करतो. स्पर्धेची तयारी करणाऱ्याला एकेका स्नायूला जितके सेट द्यावे लागतात तेवढे तीन दिवसांत बसवणं कठीणच. नोकरी, प्रवास आणि चाळिशीकडे झुकलेले सांधे असतील, तर मी तीन दिवसांकडे बोट दाखवेन. अगदीच करमत नसेल तर चार दिवस, दोन वरच्या शरीराचे आणि दोन खालच्या, ही मधली वाटही वाईट नाही. काहीही निवडलं तरी दर पाच-सहा आठवड्यांनी एक आठवडा सेट निम्मे करावेत, असं माझं मत.

आणि सहाच दिवस करायचं पक्कं असेल, तर वहीतून वारांची नावं तेवढी खोडा. पहिला, दुसरा, तिसरा असा क्रम लिहा. ज्या दिवशी जिममध्ये पोचाल त्या दिवशी क्रमातला पुढचा दिवस, मग तो मंगळवारी येवो की रविवारी. आठवडा सात दिवसांत पुरा होणार नाही, ट्रेनर थोडं नाक मुरडेल, पण गुरुवारी बेंचच्या आधी कालचे पाय उरकायची पाळी येणार नाही.