खाटकाच्या फळ्यावरचे देशाचे नाव

न्यू जर्सीत घराजवळच्या एका खाटकाकडून गेली सहा वर्षे मी गोमांसाचा खिमा घेत आहे, आणि २०२५ साली भाव चढत गेले तरी दुकान बदलले नाही, कारण माल कोठला असे विचारले की येथे खरे उत्तर मिळते. खिमा गिऱ्हाइकासमोर काढतात. एका परातीत अमेरिकेतच धान्यावर पोसलेल्या जनावरांचे पांढऱ्या चरबीचे तुकडे असतात, दुसरीत परदेशातून आलेले, गवतावर वाढलेल्या जनावरांचे गडद लाल, बिनचरबीचे मांस. दोन्ही मिसळल्याशिवाय बर्गरला काय किंवा आमच्या वसईकडच्या खिम्याला काय, हवी तेवढीच चरबी राहत नाही.

हे लाल मांस पूर्वी ब्राझीलचे असे. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने ब्राझीलच्या गोमांसावरचे जादा आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेले आणि कोट्याबाहेरच्या (म्हणजे कमी शुल्कात येऊ देण्याच्या ठरलेल्या मर्यादेपलीकडच्या) मालावरचे मूळचे २६.४ टक्के धरून बोजा ७६.४ टक्क्यांवर गेला. दुकानदाराने ऑस्ट्रेलियाचा माल धरला, ज्यावर तेव्हा १० टक्के जादा शुल्क होते, आणि फळ्यावरचे देशाचे नाव त्याच दिवशी खडूने बदलले. गोमांसावर मूळ देश छापण्याची सक्ती अमेरिकेने २०१५ मध्येच काढून टाकली असल्याने ही दोन अक्षरे मला फार मोलाची वाटतात. चवीत फरक जाणवला नाही.

या शुल्काने येथील पशुपालकाचे भले झाले, असे मात्र मला म्हणवत नाही. दुष्काळात चारा संपून कालवडीसुद्धा विकल्या गेल्या, आणि १ जानेवारी २०२५ रोजी देशातील गुरे ८.६७ कोटींवर, म्हणजे १९५१ नंतरच्या नीचांकावर आली. कालवड राखली, ती गाभण राहिली, व्यायली आणि तिचे वासरू वाढून बाजारात आले, यात तीन वर्षे सहज जातात. इतका धीर धरणाऱ्याला धोरण टिकेल याचा भरवसा हवा. पण ऑक्टोबरात अर्जेंटिनाचा कोटा २० हजार टनांवरून ८० हजारांवर नेण्याचे जाहीर झाले, आणि नोव्हेंबरात ब्राझीलच्या गोमांसावरचे जादा शुल्कही उठले. कर्ज काढून चारा घेणाऱ्याने अशा वेळी कालवड राखायची की विकायची?

तक्रार एकच आहे. शुल्क उठल्यावरही खिम्याचा भाव काही आठवडे तसाच राहिला. आधीचा माल चढ्या दराने भरला होता, असे दुकानदाराने सांगितले, आणि मला ते पटले. शनिवारी दहानंतर खिमा उरत नाही.