पाच पुस्तके आणि त्यांतले सांगणारे

गेल्या काही महिन्यांत माझ्या वाचनात एक प्रवासवर्णन, एक कादंबरी, एक आत्मचरित्र, ललितलेखांचा एक संग्रह आणि एक कवितासंग्रह अशी बरीच सरमिसळ झाली. यांतले कोणतेच पुस्तक नवे नाही आणि त्यांतल्या बहुतेकांवर जाणकारांनी भरपूर लिहिलेले आहे. तरीही ती पाठोपाठ वाचल्यामुळे प्रत्येक ठिकाणी मी नकळत एकच गोष्ट तपासू लागलो. सांगणारा जे सांगतो आहे त्यात त्याचा स्वतःचा स्वार्थ, भीती किंवा अपराध किती गुंतलेला आहे, आणि तो ते वाचकाला दिसू देतो की नाही, ही ती गोष्ट. पुढची मते या मोजमापाने दिलेली आहेत आणि ते सर्वांना मान्य होईल असे नाही.

या कसोटीवर विष्णुभट गोडसे वरसईकर यांच्या 'माझा प्रवास'च्या जवळपासही दुसरे पुस्तक आले नाही. पेण तालुक्यातल्या वरसईचा हा कर्जाने गांजलेला भिक्षुक, ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार असल्याची वार्ता ऐकून, दक्षिणा मिळेल या आशेने 1857 साली काकांना सोबत घेऊन उत्तरेकडे निघाला आणि बंडाच्या धामधुमीत सापडला. इतिहास पाहावा म्हणून तो गेलेला नाही, घरचे देणे फेडावे म्हणून गेलेला आहे, आणि हे तो एका क्षणासाठीही लपवत नाही. राजवाड्यातला समारंभ सांगताना कोणाला किती दक्षिणा मिळाली हे त्याच्या तोंडून सहज येते, आणि लूट झाल्यावर आपले काय गेले याचे दुःख तो राज्य बुडाल्याच्या दुःखाइतक्याच मोकळेपणाने सांगतो. एखाद्याला हा कोतेपणा वाटेल. मला मात्र यामुळेच त्याच्या इतर निवेदनावर विश्वास ठेवावासा वाटला, कारण स्वतःला मोठे करून दाखवण्याची हौस ज्याला नाही तो दुसऱ्यालाही फारसे फुगवून दाखवणार नाही.

1858 मध्ये इंग्रज सेनापती सर ह्यू रोज याच्या फौजेने झाशीला वेढा घातला तेव्हा गोडसे भटजी शहरातच होते. तो भाग या पुस्तकाचा गाभा आहे. रात्री आकाशातून येणारे तोफगोळे, शहर पडल्यावर घराघरांत शिरलेले गोरे शिपाई, जीव वाचवण्यासाठी लपून बसलेली माणसे आणि ग्रंथालयाची झालेली नासधूस हे सारे अशा माणसाने लिहिले आहे की ज्याला लढाईतले डावपेच कळत नाहीत, पण पाणी कुठे मिळेल आणि कोणत्या दाराआड लपता येईल हे मात्र नेमके कळते. पुढे वाटेत राणी लक्ष्मीबाई भेटतात तो विहिरीकाठचा प्रसंग तर अनेकांना ठाऊक असतो. भटजी पाणी काढू लागतात तेव्हा आपल्यासाठी विद्वान ब्राह्मणाने कष्ट घेऊ नयेत म्हणून राणी त्यांना थांबवतात. थकलेल्या, तहानलेल्या त्या राणीची ओळख कोणत्याही पोवाड्यापेक्षा मला येथे अधिक पटली. पुस्तकात दोष आहेत. ऐकीव गोष्टी आणि डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टी भटजी एकाच सुरात सांगतात, त्यामुळे ते जिथे हजर नव्हते तिथली वर्णने सावधपणे वाचावी लागतात. जातीच्या चौकटीबाहेर त्यांची नजर क्वचितच जाते.

विकत घेणाऱ्याने आवृत्तीकडे लक्ष द्यावे. लेखकाच्या मृत्यूनंतर 1907 साली चिंतामणराव वैद्य यांनी छापलेला मजकूर बराच घासूनपुसून आणि काटछाट करून घेतलेला आहे. दत्तो वामन पोतदार यांनी मूळ हस्तलिखितावरून 1966 साली जी आवृत्ती काढली तीत भटजींची खरी, ओबडधोबड आणि म्हणूनच अधिक जिवंत भाषा भेटते. पहिल्या काही पानांत वाक्यांची सवय व्हायला वेळ लागतो, पण निवड करायची असेल तर ती मूळ संहितेच्याच बाजूने करावी.

विश्राम बेडेकर यांची 'रणांगण' ही 1939 साली आलेली कादंबरी, त्यांनी लिहिलेली एकमेव. युरोपातून निघालेल्या बोटीवर नाझींच्या छळामुळे परागंदा झालेले ज्यू प्रवासी आहेत. त्यांच्यातल्या हॅर्टाची आणि परतणाऱ्या चक्रधर विध्वंस या मराठी तरुणाची मोजक्या दिवसांची जवळीक हा कादंबरीचा विषय. युरोपातले महायुद्ध सुरू होत होते त्याच वर्षी मराठीत हे लिहिले गेले याचे मला अजूनही आश्चर्य वाटते. परंतु केवळ विषयाच्या धाडसासाठी तिची स्तुती करणे अन्यायाचे होईल. चक्रधर सहानुभूती मिळवण्याची धडपड करत नाही. एका जुन्या प्रेमभंगाने आलेला कडवटपणा तो स्त्रियांवर उगवून घेतो, हॅर्टाच्या असहायतेचा त्याला फायदा होतो हे त्याला समजते, आणि तरीही तो मुंबईला उतरून आपल्या सुरक्षित जगात जातो. ज्यांना जायला देशच उरलेला नाही आणि ज्याला परतायला घर आहे, त्यांच्यातले हे अंतर कादंबरी कुठेही बोलून दाखवत नाही. काही संवाद आज नाटकी वाटतात आणि बोटीवरच्या गौण पात्रांत दोनतीन जण निव्वळ मते मांडण्यासाठी आणल्यासारखे दिसतात. शेवट मात्र इतक्या कोरडेपणाने येतो की पुस्तक मिटल्यावर लगेच दुसरे उघडवत नाही.

जयंत नारळीकर यांच्या 'चार नगरांतले माझे विश्व' या आत्मचरित्राला 2014 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. बनारस, केंब्रिज, मुंबई आणि पुणे ही ती चार नगरे. यांतले बनारस मला सर्वांत आवडले. घरातल्या फळ्यावर मोरूमामा भाच्यासाठी गणिताचे आव्हान लिहून ठेवत आणि ते सुटेपर्यंत फळा पुसला जात नसे. शिकवण्याच्या पद्धतींवर लिहिलेल्या जाड ग्रंथांपेक्षा हा एक परिच्छेद मला मोलाचा वाटला. केंब्रिजचा भागही रंगतदार आहे, विशेषतः खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांच्यासारख्या बंडखोर वृत्तीच्या गुरूबरोबर काम करताना प्रस्थापित मताविरुद्ध उभे राहण्याची सवय कशी लागते हे त्यातून कळते. पण मुंबईनंतर पुस्तकाचा वेग मंदावतो. पुण्यातील आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन केंद्राच्या उभारणीची हकिकत महत्त्वाची आहे यात शंका नाही, तरी बैठका, मंजुऱ्या आणि पाहुण्यांची वर्दळ यांत लेखक दिसेनासा होतो. मतभेदांविषयी ते इतक्या सभ्यपणे लिहितात की त्या वेळी त्यांना राग आला होता की नाही हेही समजत नाही. हा संयम स्वभावाचा गुण असेल, आत्मचरित्राचा नव्हे.

दुर्गा भागवत यांच्या 'ऋतुचक्र'विषयी थोडक्यात. 1956 सालचे हे पुस्तक सलग वाचू नये. 'वसंतहृदय चैत्र'पासून सुरू होणारा एकेक लेख त्या त्या महिन्यात वाचला तर झाडांची, पाखरांची आणि आभाळाची त्यांनी ठेवलेली बारीक नोंद खिडकीबाहेर पडताळून पाहता येते. एका बैठकीत संपवले तर विशेषणांचा गोडवा जिभेवर साचतो.

शेवटी अरुण कोलटकर यांची 'भिजकी वही'. 2003 साली आलेल्या या जाडजूड संग्रहात जगभरातल्या आणि अनेक काळांतल्या रडणाऱ्या स्त्रिया आहेत. प्राचीन अलेक्झांड्रियात जमावाने ठार केलेली विदुषी हायपेशिया आहे, तशीच व्हिएतनाम युद्धात नापाम बॉम्बने भाजलेली लहानगी किमही आहे. दुसऱ्याच्या दुःखावर कविता लिहिणारा कवी बहुधा स्वतःच्या कळवळ्याचे प्रदर्शन मांडतो. कोलटकर ते टाळतात. बोलीतली साधी, तुटक वाक्ये, आरोपपत्रासारखा थंड तपशील आणि मध्येच येणारा विखारी विनोद यांमुळे वाचकाला अश्रू ढाळून मोकळे होण्याची सोय राहत नाही. काही दीर्घ कवितांत मात्र कथेचा संदर्भ आधी माहीत नसेल तर ओळींमागून ओळी हातातून निसटतात, आणि दोनतीन ठिकाणी पुनरुक्तीने धारही बोथट होते. एका वेळी एकच कविता, तीही संदर्भ शोधून घेऊन, अशा गतीने हे वाचावे लागते. म्हणून वाचनालयातून आठवड्याच्या बोलीवर न आणता हे पुस्तक विकतच घ्यावे.