अनुदानाचं कर्ज की अकरा महिन्यांचं भाडं?

महिन्याचा हिशोब मांडला तर भाडं स्वस्त पडतं, हे आधीच मान्य करतो. डोंबिवलीत आम्ही साडेनऊ हजार भरत होतो. 2019 मध्ये बदलापूरला घर घेतलं आणि वीस लाखांच्या कर्जाचा हप्ता सतरा हजारांवर गेला. पंतप्रधान आवास योजनेचं 2.67 लाखांचं अनुदान सात महिन्यांनी कर्जखात्यात जमा झालं, तेव्हा तो पंधरा हजारांवर आला. तरीही भाड्याच्या दीडपट. शिवाय जाऊन-येऊन लोकलमधला पाऊण तास वाढला, तो अजून आहेच.

मग घर का घेतलं? कारण अकरा महिन्यांचा करार. भाडं दरवर्षी वाढतं, ते मला फारसं खुपलं नाही. खुपली ती तारीख. आमचा पहिला करार जूनमध्ये सुरू झाला आणि एप्रिलअखेर संपला. शाळेला सुट्टी, काही अडचण नाही. दुसरा मार्चअखेर संपला. तिसरा फेब्रुवारीअखेर. अकरा महिन्यांमुळे ही तारीख दरवर्षी एक महिना मागे सरकते, हे सही करताना लक्षातच येत नाही. तिसऱ्या वेळी मालकांना घर मुलाच्या लग्नासाठी हवं होतं. त्यांचंही चुकलं नाही. पण मुलीची वार्षिक परीक्षा तोंडावर असताना आम्ही पूर्वेचं बिऱ्हाड पश्चिमेला हलवलं. तिची वह्या-पुस्तकं कुठल्या खोक्यात आहेत ते दोन दिवस सापडेना. त्या रात्री ती रडली, आणि माझ्यापुरता निर्णय तिथेच झाला. पुढे बदलापूरला तिची शाळा बदलावी लागली खरी, पण ती एकदाच.

आता योजनेचं स्वरूप बदललंय. सप्टेंबर 2024 पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात वार्षिक उत्पन्न नऊ लाखांपर्यंत, घराची किंमत 35 लाखांपर्यंत आणि कर्ज 25 लाखांपर्यंत चालतं. पहिल्या आठ लाखांवर चार टक्के व्याज-अनुदान मिळतं, जास्तीत जास्त 1.80 लाख, तेही पाच वार्षिक हप्त्यांत. आम्हाला रक्कम एकदम मिळाली, तुम्हाला तशी मिळणार नाही. त्यामुळे अनुदान धरून हप्त्याचं गणित बसवू नका. त्याशिवाय हप्ता झेपत असेल तरच पुढे जा.

नोकरी कंत्राटी असेल, बदलीची असेल, किंवा तुम्ही एकटे असाल, तर भाडंच बरं असं मला वाटतं. याच योजनेत नोकरदार महिला, कामगार आणि विद्यार्थी यांच्यासाठी परवडणाऱ्या भाड्याच्या घरांचा वेगळा घटक आहे. तुमच्या शहरात तशी घरं झाली असतील तर आधी तिथे चौकशी करा. शाळेत जाणारं मूल घरात असेल, तर मात्र माझा कल कर्जाकडे आहे.

आणि भाड्यानेच राहायचं ठरलं तर करार छत्तीस महिन्यांचा मागा. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सचा करार कितीही महिन्यांचा असला तरी नोंदवावाच लागतो, ती जबाबदारीही कायद्याने मालकाची आहे. म्हणजे अकरा महिने धरून नोंदणी काही टळत नाही. मी हे आठ मालकांना समजावून सांगितलं. एक जरी तयार झाला असता, तर कदाचित आम्ही आजही डोंबिवलीतच असतो.