कुकर, मिक्सर, तवा: कुठं नावावर विसंबावं आणि कुठं नाही

सांगलीत मारुती रोडला भांड्यांच्या दुकानात कुकर मागितला की दुकानदार विचारतो, "आतल्या झाकणाचा देऊ की बाहेरच्या?" गिऱ्हाईक उत्तर देतं ते कंपनीच्या नावानं: "हॉकिन्सच दाखवा, आमच्याकडं पहिल्यापासून तोच आहे." कुकरच्या बाबतीत हा हट्ट बरोबर आहे. मिक्सरच्या बाबतीत तो अर्धाच बरोबर आहे, आणि तव्याच्या बाबतीत नावासाठी जास्त पैसे मोजण्यात काहीच अर्थ नाही. प्रत्येक वस्तूत आधी झिजणारा भाग वेगळा असतो. तो भाग आठ-दहा वर्षांनीही आपल्या गावात मिळणार का, हे बघून कंपनी धरावी किंवा सोडावी.

कुकरपासून सुरुवात करू. हॉकिन्सचं झाकण तिरकं करून आत घालावं लागतं आणि वाफेच्या दाबानं ते आतून वर रेटलं जातं. दाब असेपर्यंत ते उघडतच नाही, हा या रचनेचा सगळ्यात मोठा गुण. तोटा असा की सवय नसलेल्याला झाकण बसवताना झटापट करावी लागते, आणि तोंड थोडं अरुंद असल्यानं डबे काढताना हात पोळतो. प्रेस्टिजचं नेहमीचं झाकण बाहेरून फिरवून बसतं, तोंड मोकळं मिळतं. त्याच्या झाकणाच्या कडेला एक खाच असते. शिट्टीची नळी चोंदून दाब वाढला तर त्या खाचेतून रिंग बाहेर ढकलली जाते आणि वाफ निघून जाते. दोन्ही रचना चांगल्या आहेत. दोन्हींत दाब साधारण एका चौरस सेंटिमीटरला एक किलो, म्हणजे आत १२० अंशांच्या आसपास तापमान.

खरी काळजी नवा कुकर घेताना नाही, तर दीड-दोन वर्षांनी रिंग बदलताना घ्यायची. तेल, हळद आणि रोजच्या उष्णतेनं रबर कडक होतं, आक्रसतं. मग पहिली शिट्टी उशिरा येते, कडेनं वाफ आणि पाणी सुटतं, खालची डाळ लागते. त्या वेळी निम्म्या किमतीत मिळते म्हणून बिननावाची रिंग घेतली की कुकर कंपनीचा आणि सुरक्षा कुणाचीच नाही, अशी गत होते. अशी रिंग जरा जाड असली तर झाकण अडकतं, जरा पातळ असली तर वाफ धरत नाही. बाहेरच्या झाकणाच्या कुकरमध्ये ती जास्त कडक असली तर खाचेतून वेळेवर बाहेर येईलच असं नाही. सेफ्टी व्हॉल्व्हचं तर याहून गंभीर. त्यातला मिश्रधातू ठरावीक तापमानाला वितळायलाच हवा, आणि नकली व्हॉल्व्ह कोणत्या तापमानाला वितळेल हे कुणीच सांगू शकत नाही. म्हणून रिंग, शिट्टी आणि व्हॉल्व्ह ज्या कंपनीचा कुकर त्याच कंपनीचे घ्यावेत. दुकानात जाताना जुनी रिंग सोबत न्यावी, नुसतं "पाच लिटरची द्या" म्हणू नये. एकाच लिटरच्या दोन मॉडेलांना वेगळी रिंग लागू शकते. घरात दोन कुकर असतील तर एकाच कंपनीचे, एकाच झाकणाच्या मापाचे घेतल्यास एक जादा रिंग दोन्हींना चालते. कंपनी न बदलण्याचा हा रोख फायदा आहे.

कंपनी बदलली की शिट्ट्यांचा हिशेब चुकतो, ही तक्रार नेहमी कानावर येते. त्यावर उपाय म्हणजे शिट्ट्या सोडून मिनिटं मोजायची. भिजवलेली तूरडाळ पहिल्या शिट्टीनंतर मंद आचेवर सात-आठ मिनिटं. डाळ आणि पाणी मिळून कुकर अर्ध्याच्या वर भरू नये, चमचाभर तेल घालावं, म्हणजे फेस नळीत चढत नाही. बोअरच्या पाण्यानं ॲल्युमिनियमचा कुकर आतून काळा पडतो. डबे ठेवताना तळाच्या पाण्यात चिंचेचं बुटूक किंवा लिंबाची साल टाकली की तो तितका काळवंडत नाही. कुकरवर आयएसआय खूण आणि आयएस २३४७ हा क्रमांक कोरलेला आहे का, हे बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

मिक्सरकडं वळू, कारण आपल्या भागात मिक्सरचे हाल सगळ्यात जास्त होतात. उन्हाळ्यात वर्षाची चटणी करायची, म्हणजे वाळकी मिरची, खोबरं, तीळ, धणे, तळलेला कांदा, लसूण. एवढा माल ५०० वॅटच्या घरगुती मिक्सरवर सलग काढला की मोटर तापते, वार्निशचा वास येतो आणि खालचं लाल बटण सुटून मिक्सर बंद पडतो. बटण सुटणं हा बिघाड नव्हे, मोटर वाचवायची ती सोय आहे. अर्धा तास थांबून बटण आत दाबावं. भांडं निम्म्याच्या आतच भरावं, वीस-तीस सेकंद फिरवून थांबावं, मिरची आधी काढून खोबरं वेगळं काढावं. खोबऱ्याचं तेल सुटलं की मसाला पात्याखाली चिकटून बसतो आणि सगळा भार मोटरवर येतो. गरम कांदा तर भांड्यात घालूच नये, वाफेनं झाकण उडतं. आणि अख्खं हळकुंड मिक्सरमध्ये कधीच नाही. हळदीच्या गावात हे सांगावं लागू नये, तरी सांगतो: पातं वाकतं, कपलरचे, म्हणजे भांडं मोटरला जोडणाऱ्या चकतीचे, दात तुटतात. हळकुंडं कांडपावरच न्यावीत.

आता नावांबद्दल. सुजाताचा ९०० वॅटचा मिक्सर नव्वद मिनिटं सलग चालण्याचा दावा करून विकला जातो आणि रसवंती-ज्यूसवाल्यांकडं तो दिसतो, हे उगीच नाही. वजनाला जड, आवाज मोठा, पण मोठं घर आणि वर्षाची चटणी असेल तर तोच घ्यावा. चौघांच्या घरात रोजचं वाटण, शेंगदाण्याचा कूट, इडलीचं पीठ एवढंच असेल तर प्रीतीचा किंवा बजाजचा ७५० वॅटचा पुरेसा आहे. ५०० वॅटचा फक्त ओल्या वाटणासाठी.

मात्र "आईकडं वीस वर्षं याच कंपनीचा चालला" एवढ्यावर घेऊ नये. नाव तेच राहतं आणि मालक बदलतात. प्रीती २०११ मध्ये फिलिप्सनं घेतली. फिलिप्सनं घरगुती उपकरणांचा सगळा धंदाच २०२१ मध्ये विकला आणि आता तो धंदा व्हर्सुनी नावानं चालतो. बटरफ्लाय २०२२ मध्ये क्रॉम्प्टनकडं गेली, सनफ्लेम २०२३ मध्ये व्ही-गार्डकडं. मालक बदलला म्हणून माल वाईट होतो असं नाही. पण जुन्या मॉडेलचं भांडं आणि कपलर अजून येतो का, हे नव्यानं विचारावं लागतं.

विचारायचं कसं, तर दुकानात नको, दुरुस्तीवाल्याकडं विचारावं. या मॉडेलचा खालचा कपलर, भांड्याचा बुश (ज्यात पात्याचा दांडा फिरतो तो भाग) आणि मोटरचा कार्बन हातात आहे का, एवढे तीनच प्रश्न. "मागवून देतो" म्हणाला तर कुठून आणि किती दिवसांत, तेही विचारून घ्यावं. कपलर हा मुद्दाम मऊ ठेवलेला भाग आहे, भांडं अडकलं की मोटरऐवजी तो झिजतो. भांड्याखाली काळी भुकटी दिसू लागली की तो बदलायची वेळ आली. काढताना जोर करू नये. बऱ्याच मिक्सरचे आटे नेहमीच्या स्क्रूच्या उलट असतात, खालून दांडा धरून दोन्ही बाजूंना हलकं फिरवून बघावं. भांड्याच्या बुडातून काळसर पाणी झिरपत असेल तर बुश गेला आहे. नवं भांडं घ्यायची गरज नाही.

वॉरंटीच्या कार्डात बऱ्याचदा मोटरची पाच वर्षं ठळक छापलेली असतात. कपलर, कार्बन, पाती बहुतेक वेळा त्यात धरत नाहीत. धंद्यासाठी वापरला तर वॉरंटी संपते, हे मसाला विकणाऱ्या बचत गटांनी घरगुती मिक्सर घेण्याआधी नक्की वाचावं.

महापुरात बुडालेला मिक्सर वरवर वाळवून सुरू करू नये. २०१९ सारखा गाळ आत गेला असेल तर मोटर उघडून धुऊन, पूर्ण वाळवून, बेअरिंग बदलून आणि विजेची गळती तपासूनच वीज द्यावी.

नॉनस्टिकबद्दल थोडक्यात. निर्लेप ही औरंगाबादची (आताचं छत्रपती संभाजीनगर) कंपनी, १९६८ ची, आणि आपल्याकडं नॉनस्टिक तव्याला आजही निर्लेपच म्हणतात. २०१८ पासून ती बजाज इलेक्ट्रिकल्सकडं आहे. नाव कोणतंही असो, लेप दोन-तीन वर्षांचा सोबती. तवा रिकामा तापवू नये, २६० अंशांच्या वर लेप खराब व्हायला लागतो. भाकरी त्यावर नकोच, तिला लागणारी आच या तव्याला सोसत नाही. घावन, आंबोळी, ऑम्लेटपुरता मध्यम किमतीचा घ्यावा आणि लेप उडाला की टाकून द्यावा.

भाकरीचा लोखंडी तवा आणि घावनाचा बिडाचा तवा घेताना नाव बघूच नये. तवा फरशीवर ठेवून डुगडुगतो का बघावं, बिडाचा असेल तर बोटानं टिचकी मारावी. टण्ण आवाज आला तर ठीक, बद्द आवाज आला तर तडा असू शकतो. काही तव्यांना काळा रंग फासलेला असतो. ओल्या फडक्यानं पुसल्यावर काळं आलं तर तो ठेवून दुसरा उचलावा. घरी आणल्यावर घासून, तांदळाच्या पेजेत रात्रभर ठेवून, धुऊन लगेच चुलीवर कोरडा करावा. मग कापडानं तेलाचा अगदी पातळ हात फिरवून धूर येईपर्यंत तापवावा आणि गार होऊ द्यावा. असं तीन-चार वेळा. तेल जास्त झालं तर चिकट थर बसतो आणि पहिलं घावन त्यालाच धरतं.