बीजिंगच्या चहाघरातलं बिल

बीजिंगला वांगफुजिंगच्या रस्त्यावर किंवा तिआनआनमन चौकाच्या कडेला, शांघायला नानजिंग रोडवर नाहीतर 'बंड' नावाच्या नदीकाठावर, एकटादुकटा परदेशी दिसला की दोन तरुण मुली किंवा एखादं जोडपं हसत जवळ येतं. इंग्रजी चांगलं असतं. 'आमचा फोटो काढाल का?' इथून सुरुवात होते. आपण भारतातले म्हटल्यावर हिंदी सिनेमाचा विषय निघतो, कारण चीनमध्ये 'दंगल' खरोखरच तुफान चालला होता. दहा मिनिटं गप्पा रंगतात आणि मग 'थंडी आहे, चहा घेऊ या' म्हणून जवळच्याच गल्लीत नेलं जातं. बहुधा पहिल्या-दुसऱ्या मजल्यावरची, दाराला पडदा असलेली छोटी खोली.

पुढचं सगळं शांतपणे, रीतीभाती सांभाळून चालतं. एक बाई लाकडी ताटात चहाचं सामान मांडते. पेला एवढासा, की तीर्थासारखा एका घोटात संपावा. 'हा जाईच्या फुलांचा, हा ऊलाँग, हा पुअर' करत सहा-सात प्रकार चाखवले जातात. दरपत्रक दाखवतात, पण मैत्रीणच ते हातात घेते आणि 'हे चालेल ना?' म्हणत पुढे देते. आपण मान डोलावतो. त्यातला आकडा पूर्ण किटलीचा आहे असं आपल्याला वाटतं. तो असतो माणशी, दर प्रकाराला. वर खोलीचं भाडं वेगळं, सुका मेवा वेगळा. बिल हजार-दोन हजार युआन होतं. एक युआन साधारण बारा-तेरा रुपयांचा धरला तर हिशेब करून बघा. मैत्रीण बिनतक्रार आपला वाटा काढून देते, त्यामुळे घासाघीस करायची आपल्यालाच लाज वाटते. तिचे पैसे संध्याकाळी कमिशनसकट परत मिळतात, हे वेगळं सांगायला नको.

यात कुणी खिसा कापत नाही, चाकू दाखवत नाही, आणि हीच गोम आहे. दर कागदावर होता, तुम्ही तो पाहिलात आणि चहा प्यायलात. नंतर तक्रार करायला गेलं की दुकानदार तेच दरपत्रक पुढे करतो. म्हणून जो काही प्रतिकार करायचा तो पैसे देण्याआधी, त्याच खोलीत करायचा. दरपत्रकाचा फोटो काढा. छापील पावती मागा, तिला 'फाप्याव' म्हणतात. करखात्याचा हिशेब तिच्यावर चालत असल्याने अशा दुकानांना ती द्यायची नसते. मग त्यांच्यासमोर ११० हा पोलिसांचा नंबर लावा. आवाज चढवायची गरज नाही, फोन कानाला लावला की बहुतेक वेळा बिल आपोआप उतरतं. पैसे आधीच देऊन बसला असाल तर बाहेर पडून दुकानाची पाटी आणि इमारतीचा क्रमांक यांचा फोटो घ्या, आणि त्याच दिवशी जवळच्या पोलीस चौकीत जा. चौकीला 'पायछुस्वो' म्हणतात. दुसऱ्या दिवशी विमान असलं की प्रकरण तिथेच संपतं, आणि हे त्या लोकांना पक्कं ठाऊक असतं. 'चित्रकलेचे विद्यार्थी' आपल्या प्रदर्शनाला नेतात तोही याचाच दुसरा प्रयोग. तिथे चहाऐवजी छापील चित्र हाताने काढलेलं म्हणून गळ्यात मारतात.

चीनच्या भिंतीची गोष्ट वेगळी. बादालिंग या भिंतीच्या भागाकडे जाणारी ८७७ नंबरची सरकारी बस देशंगमेनच्या जुन्या वेशीजवळून सुटते, तिकीट १२ युआन. जीश्वेइतान मेट्रो स्टेशनवरून तिथपर्यंत पाच-दहा मिनिटं चालावं लागतं, आणि नेमक्या त्या पट्ट्यात गळ्यात ओळखपत्र अडकवलेले लोक उभे असतात. ते सांगतात की ८७७ आज बंद आहे, नाहीतर तिचा थांबा हलवलाय. बंद वगैरे काही नसतं. त्यांच्या गाडीत बसलात की भिंतीआधी जेड दगडाचं दुकान, मग औषधी मुळ्यांचं दुकान, आणि भिंतीला जेमतेम तास उरतो. म्यूत्यानयू या भिंतीच्या दुसऱ्या भागाच्या वाटेवर युक्ती आणखी धीट आहे. दोंगझिमेनहून ९१६ एक्स्प्रेस बसने निघालात की ह्वाइरौ गावाच्या अलीकडच्या थांब्यावर गणवेशासारखा शर्ट घातलेला माणूस आत चढून 'म्यूत्यानयू, म्यूत्यानयू' ओरडत परदेशी लोकांना खाली उतरवतो. तो कंडक्टर नसतो. खाली त्याचाच गाडीवाला उभा असतो आणि उरलेल्या अंतराचे शेकडो युआन मागतो. नकाशावर आपला ठिपका बघत बसा. गूगलचा नकाशा तिथे चालत नाही, म्हणून निघण्याआधीच नकाशासाठी आमॅप आणि पैसे देण्यासाठी अलीपे ही दोन्ही ॲप फोनमध्ये घालून ठेवा. हा सगळा ताप नको असेल तर बादालिंगला आता जलद रेल्वे जाते. २०१९ च्या शेवटी सुरू झालेलं ते स्टेशन जमिनीखाली शंभर मीटरवर आहे. तिकीट पासपोर्टवर निघत असल्याने मध्ये दलालाला जागाच नाही.

निषिद्ध नगरीचंही, म्हणजे बादशहांच्या जुन्या राजवाड्याचंही, तिकीट पासपोर्ट क्रमांकावर, सात दिवस आधीपासून. उन्हाळ्यात ६० युआन, नोव्हेंबर ते मार्च ४०. सोमवारी बंद. हे पाठ असलं की दक्षिण दरवाजाशी 'आज बंद आहे, मी दुसरीकडे नेतो' म्हणणाऱ्याला उत्तर देता येतं. उत्तर दरवाजातून बाहेर पडल्यावर सायकलरिक्षावाले तीन बोटं दाखवतात. तीस समजून बसलात की उतरताना ते तीनशे होतात, कधी माणशी. आकडा फोनवर टाइप करून, 'दोघांचे मिळून' हे शब्द भाषांतरातून दाखवून घ्या, नाहीतर पायी चला.

टॅक्सीबद्दल थोडक्यात. विमानतळाच्या आत 'टॅक्सी, टॅक्सी' म्हणत येणारा 'हेइछ', म्हणजे परवाना नसलेला. खरी रांग बाहेर असते. बीजिंगच्या अधिकृत टॅक्सीची नंबरपाटी '京B' ने सुरू होते आणि पहिल्या तीन किलोमीटरला मीटर १३ युआन दाखवतो. कॅपिटल विमानतळावरून शहरात टोल धरून शंभर ते दीडशे पुरे. हेइछवाला चारशे-पाचशेपासून सुरू करतो. बसल्यावर 'दा ब्याव' म्हणा, म्हणजे मीटर टाका. रोख देत असाल तर शंभराची लाल नोट देताना शेवटचे चार आकडे मोठ्याने वाचा. काही चालक नोट बदलून खोटी परत करतात आणि 'तुमची चालत नाही' म्हणतात. खऱ्या नोटेवर माओच्या कॉलरवर नख फिरवलं की उंचवटा लागतो, तिथले दुकानदारही हेच करतात.

आता घरून निघण्याआधीचं एक काम. अलीपेला भारतीय व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडता येतं. दोनशे युआनपर्यंतच्या व्यवहाराला जादा आकार नाही, त्यावर तीन टक्के लागतो. बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय वापर चालू करावा लागतोच, तिथेच एका व्यवहाराची मर्यादाही असते. ती पाच-सहा हजार रुपयांवर ठेवा आणि हॉटेलचे पैसे भरण्यापुरती त्या वेळी वाढवा. चहाघरात दोन हजार युआनचा कोड स्कॅन केलात की व्यवहार नाकारला जातो. कार्डच चालत नाही म्हटल्यावर मैत्रिणीचा चेहरा बघण्यासारखा होतो, आणि ११० लावायला तुम्हाला हवी असलेली पाच मिनिटं मिळतात.